न पाहिलेल्या माळाची पाहणी

ज्या प्रदेशाविषयी मी आज लिहीत आहे, त्याविषयी मी याआधी एकदा लिहिले आहे. तेव्हा मी तेथे गेलेलो नव्हतो.

प्रवासवर्णनाच्या आरंभी ही कबुली शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती मागे ठेवून पुढचे लिहिले, तर हे लिखाणही पहिल्यासारखेच होईल. पुण्याच्या एका महाविद्यालयात मी सव्वीस वर्षे भूगोल शिकवला. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका सल्लागार कंपनीने माझ्याकडे एक काम दिले. समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाला भारतात आपली शाखा काढायची होती. तसा कायदा आपल्याकडे झालेला नव्हता. पण आज ना उद्या होईल, आणि होईल तेव्हा ज्याच्या हाती जागा तोच पुढे, असे त्या व्यवसायातील सर्वांनी धरून ठेवले होते. तलासरी तालुक्यातील एक माळ कंपनीने हेरला होता. महामार्ग जवळ, गुजरातची हद्द जवळ, मुंबई आवाक्यात. त्या माळाची पाहणी करून मी अहवाल द्यायचा होता.

कंपनीने छायाचित्रे पाठवली. जाण्याचा दिवस ठरला, आणि मी गेलो नाही. आजारपण नव्हते, अडचण नव्हती. उकाडा होता, उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या, आणि छायाचित्रे स्वच्छ आली होती. तपकिरी माळ, त्यावर काळे चौकोनी पट्टे, माणूस एकही नाही. त्यांच्या आधारे मी चौदा पाने लिहिली आणि पहिल्याच ओळीत 'प्रत्यक्ष पाहणीअंती' हे शब्द घातले. पत्नीलाही मी हे सांगितले नाही. तिने विचारले नाही, म्हणून सांगितले नाही, असे मी स्वतःला समजावत असे.

पुढच्या वर्षी एप्रिल सरता सरता कंपनीच्या केदारचा फोन आला. पस्तिशीचा, बोलण्यात गोड, माझ्याहून कितीतरी हुशार माणूस.

"सर, विद्यापीठाच्या डॉक्टर मॅडम जागा बघायला येतायत. तुम्ही दुभाषे म्हणून चला."

"मीच कशाला?"

"जागा तुम्ही बघितलीय ना!" तो जरा थांबला आणि हसला. "म्हणजे कागदावर. मागच्या वर्षी आलात तसेच या. फक्त या वेळी गाडीत बसून या."

त्याला ठाऊक होते. ते त्याने वर्षभर जपून ठेवले होते, हे त्या हसण्यातून मला कळले.

नरपड

डहाणू रोड स्थानकावर उतरून आम्ही नरपडला गेलो. उतरण्याची सोय एका चिकूच्या वाडीतल्या घरात होती. दुपारी तीन वाजताही तेथे झाडांखाली संध्याकाळ वाटे. वाडीपलीकडे सुरूची रांग होती, मग पुळण आणि मागे हटलेला समुद्र. वाऱ्याबरोबर वाळत घातलेल्या मासळीचा वास येई आणि जाई.

विद्यापीठाच्या डॉ. मार्था साठीच्या आसपासच्या, उंच आणि अबोल बाई होत्या. त्यांच्या पायांत जाड तळव्यांचे बूट होते, म्हणजे त्या चालायच्या तयारीने आल्या होत्या. केदारने त्यांच्यासाठी वातानुकूलित गाडी ठरवली होती. ती चालवणारे जयंतीभाई डहाणूचेच. घरी गुजराती, बाजारात मराठी आणि पाहुण्यांशी हिंदी बोलणारे. आमच्याशी ते तिन्ही एकत्र बोलत.

पुण्यात आम्ही पाहुण्यापुढे चिकू ठेवतो तो सोलून, बिया काढून, फोडी करून. जयंतीभाईंनी एक पिकला चिकू सालीसकट दोन बोटांनी उकलला आणि अर्धा मार्थाबाईंच्या तळहातावर ठेवला. "खावानुं. सुरी नाय लागत." बाईंनी तो सालीसकट खाल्ला, काळी बी बोटांत धरून नीट पाहिली आणि रुमालात बांधून ठेवली. जेवायला तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील होते. बोंबील इतके मऊ, की काटा लागला आणि मगच मासा असल्याची खात्री पटली.

जेवणानंतर केदारने माहितीपुस्तक उघडले. दगडी घड्याळमनोरा, त्याच्या पायथ्याशी हिरवळ, हिरवळीवर पुस्तके घेऊन बसलेली मुले. ते चित्र पाहून मला जुनी शंका चाटून गेली. काही वर्षांपूर्वी आखातातील एका शहरात मी अशीच एक परदेशी शाखा पाहिली होती. दुकानांच्या इमारतीचा तिसरा मजला होता तो. स्वागतकक्षात भिंतभर मूळ विद्यापीठाच्या हिरवळीचे छायाचित्र लावलेले. तेथे शिकणाऱ्या एकाही मुलाने ती हिरवळ पाहिली नव्हती. त्या वेळी मी मनातल्या मनात हसलो होतो. आता हसण्याचा अधिकार राहिला नव्हता.

केदार फोनवर बोलायला बाहेर गेला, तेव्हा मार्थाबाईंनी मला हळूच विचारले, "मला या देशात आतापर्यंत तीन जागा दाखवल्या. तिन्ही ठिकाणी एकही माणूस नव्हता. तुमच्या देशात हे कसे जमते?"

मी म्हणालो, "उन्हाळ्यात लोक बाहेर पडत नाहीत."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती.

रानशेतच्या पुढे

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. डहाणूचा दमट वारा रानशेतपर्यंत सोबत करतो. पुढे तो गळून पडतो आणि कोरडा उकाडा सुरू होतो. चिकू संपले, ताड सुरू झाले. ताडांना बांधलेली ताडीची मडकी उन्हात चमकत होती. एका वळणावर एक बाई पळसाच्या पानावर ताडगोळे मांडून बसली होती. मार्थाबाईंनी गाडी थांबवायला सांगितले.

"पुढे याच्यापेक्षा छान मिळतात, मॅडम," केदार इंग्रजीत म्हणाला, आणि गाडी पुढे गेली.

असे तीनदा झाले. जेथे माणसे दिसत, तेथे पुढे काहीतरी अधिक छान असे. तिसऱ्या वेळी जयंतीभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिले.

"साहेब, इकडं विद्यापीठ काढायचंय म्हणे?"

"विचार आहे."

"काढो ने, कोण ना म्हणतं? पण आधी एक टॉवर काढा. सायवनच्या पुढं फोन लागत नाय. तुमचा प्रोफेसर घरवालीला फोन करायला झाडावर चढेल, ने तिथंच लेक्चर देईल."

केदार मोठ्याने हसला आणि त्याने काच वर केली.

सायवन गेले. डहाणू तालुका संपून तलासरी लागला, तसे रस्त्याकडेला शेतांत रंग फासलेले दगड दिसू लागले. वेगवान रेल्वेची आणि नव्या रस्त्याची मोजणी त्या वर्षी सगळीकडे चालली होती. एका दगडावर कोणीतरी शेणाचा गोळा फेकून आकडा बुजवला होता. त्या भागातील लोक आमच्या गाडीकडे कोणत्या नजरेने पाहतील, हे त्या दगडाने आधीच सांगितले.

माळ

माळालगतच्या पाड्याचे नाव मी लिहीत नाही. त्याची परवानगी मी मागितलेली नाही.

गाडी चढणीखाली थांबली आणि आम्ही चालू लागलो. मला एक जुनी सवय आहे. मोकळ्या जागेवर चाललो, की पावले मोजतो. विद्यार्थ्यांना अंतर काढायला शिकवता शिकवता ती अंगात मुरली. साठ, एकसष्ट, बासष्ट, असे चालले असताना समोरून एक म्हातारी आली. डोक्यावर वाळल्या टहाळाचा भारा, हातात कोयता. आमच्यासमोर येऊन तिने भारा खाली टाकला. पुढे कळले, तिचे नाव सोमीबाय.

"पावलं मोजतंस काय?"

मी दचकलो. "नाही, मावशी."

"मग ओठ काय हालतात तुझे? देवाचं नाव घेतंस?"

पुण्यात पाहुण्याला आधी पाणी देतात, मग काम विचारतात. येथेही पूर्वी तसेच असावे. सोमीबायने झाडाखालचा पाण्याचा लोटा उचलला, माझ्यापुढे धरला, आणि मी हात पुढे केल्यावर मागे घेतला. "पाणी देईन. आधी सांग, मोजायला आलास काय?"

"नाही. या बाईंना जागा दाखवायला आलो आहे."

"जागा?" तिने मागे वळून माळाकडे पाहिले. "जागा कुठं हाय हिथं? शेत हाय."

मग तिने पाणी दिले.

माळाच्या उतारावर ते काळे चौकोन होते. वर्षापूर्वी छायाचित्रांत पाहिले होते, अगदी तसेच. मी अहवालात लिहिलेले वाक्य मला तोंडपाठ होते: 'माळ ओसाड असून जागोजागी जळालेल्या जमिनीचे पट्टे आहेत, लागवडीच्या खुणा आढळत नाहीत.' ते चौकोन इतके काटकोनी कसे, असा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. आताही पडला नाही. नीट पाहावे म्हणून मी सरळ एका चौकोनावर पाय ठेवला.

"पाय काढ! अरे, पाय काढ!"

वरून थंड, राखाडी माती होती आणि खाली निखारे. बुटाचा तळवा चिकटून ओढला गेला, तापलेले रबर अंगठ्याला भिडले आणि मी मागे पडलो. सोमीबायने उरलेले पाणी माझ्या पायावर ओतले. बुटाकडे पाहून ती हसली, पण हात तिचा माझ्या घोट्यावरच होता. "कालच पेटवलाय राब. दोन दिवस आतून जळतो तो. एवढा मोठा माणूस, राब ठाव नाय?"

राब! 'राब पद्धती म्हणजे काय? थोडक्यात टीप लिहा.' हा प्रश्न मी स्वतः कितीतरी वर्षे परीक्षेत घातला आहे. त्याची उत्तरे तपासली आहेत, गुण कापले आहेत. ज्या आठवड्यात मी तो अहवाल लिहिला, त्या आठवड्यातल्या गठ्ठ्यातही तो प्रश्न होता. आणि त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली, राबाच्या छायाचित्राला मी ओसाड जमीन म्हटले होते.

मार्थाबाई जवळ आल्या. "अहवालात म्हटलेली जळालेली जमीन ती हीच?"

मी सोमीबायला म्हणालो, हे काय आहे ते बाईंना सांगा. ती उकिडवी बसली आणि हातांनी थर रचून दाखवू लागली.

"खाली शेण. त्याच्यावर टहाळ. मग पाला, मग गवत. वरून मातीचा हात फिरवायचा, म्हंजे भडकत नाय. वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचा, हळू जळला पायजे. तणाचं बी मरतं, राख मातीत उतरते. पाऊस आला का हितंच नागली पेरायची, हितंच भात. रोप वर आलं का उपटून खाली लावायचं. आख्खा माळ पिकतो तो ह्या चार तुकड्यांवर. राब नाय, तर भात नाय. सासऱ्याच्या बापापासून हाच उतार हाय आमचा."

मी तोंड उघडले. केदार माझ्या शेजारी उभा होता. त्याने घड्याळात पाहिले. मी इंग्रजीत म्हणालो, "त्या म्हणतात, येथे पाला जाळतात."

मार्थाबाईंनी माझ्याकडे पाहिले. "त्या बराच वेळ बोलल्या."

"बाकी पद्धतीचे तपशील आहेत."

सोमीबायलाही ते लक्षात आले. "मी एवढं बोलले, नी तुझं एवढंसंच? बाकीचं कुठं ठेवलंस?"

परतीच्या वाटेवर केदारने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, मस्त सांभाळलंत." आयुष्यात मला मिळालेल्या शाबासक्यांत ती सर्वांत जड होती. संध्याकाळी नरपडच्या पुळणीवर मी अनवाणी बसलो. अंगठ्यावर फोड आला होता. वर्षापूर्वीची चूक आळसाची होती, असे मी मानत आलो होतो. आज मात्र डोळ्यांनी पाहिले, पायांनी अनुभवले आणि तरीही तेच केले. तेव्हा तो आळस नव्हता, हे त्या पुळणीवर मला मान्य करावे लागले. पहिले खोटे उघडे पडू नये, एवढ्यासाठी मी दुसरे बोललो होतो.

शाळेचा ओटा

पुढे त्या शाखेचे काय झाले, असे लोक मला विचारतात. मला ठाऊक नाही. केदार माझे फोन उचलत नाही. मी फक्त तिसऱ्या दिवसाच्या सकाळचे सांगू शकतो.

ग्रामसभा पाड्यातल्या शाळेच्या ओट्यावर भरली होती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, आणि मागे आंब्याखाली उशिरा आलेले. माझा बूट वाया गेला होता. जयंतीभाईंची चप्पल घालून मी बसलो होतो. ठराव केदारने टाइप करूनच आणला होता: सदर जागा पडीक असून शैक्षणिक वापरास सभेची हरकत नाही. त्याखाली सह्या आणि अंगठे हवे होते.

ठराव वाचायला उठली ती मनीषा, सोमीबायची सून. बारावी झालेली, पंचायतीची सदस्य. तिने आधी माहितीपुस्तक चाळले.

"स्थानिकांना रोजगार, असं लिहिलंय. बागकाम, स्वच्छता, सुरक्षा." तिने वर पाहिले. "म्हणजे वर्ग तुमचे आणि झाडू आमचा?"

बायकांकडून हशा उठला. केदारही हसला. "ताई, सुरुवातीला. पुढे मुलं शिकतील पण."

"कोणाची?"

तिने माहितीपुस्तक मिटले. मग तिने ठरावाला जोडलेला अहवालाचा मराठी गोषवारा घेतला आणि सावकाश, शाळेत धडा वाचावा तसा वाचला. ओसाड. जळालेल्या जमिनीचे पट्टे. लागवडीच्या खुणा आढळत नाहीत. हशा थांबला. त्या शांततेचे कारण मला तेथेच, शेजारच्या माणसाकडून कळले. तो माळ तीन-चार पिढ्या पाड्यातले लोकच कसत आले आहेत, पण कागदावर तो त्यांच्या नावे नाही. नावे व्हावा म्हणून त्यांचा अर्ज कचेरीत पडून आहे. तो मंजूर व्हायला एकच गोष्ट सिद्ध करावी लागते: येथे लागवड होते. आणि येथे लागवड होत नाही, असे एका प्राध्यापकाने सहीनिशी लिहून ठेवले होते.

मनीषाने कागद खाली केला. "वर लिहिलंय, प्रत्यक्ष पाहणीअंती. कोणी केली ही पाहणी?"

केदारने माझ्याकडे हात केला. "हे सर. पुण्याचे मोठे प्राध्यापक आहेत. मागच्या उन्हाळ्यात स्वतः येऊन गेले."

"हा?" सोमीबाय बसल्या जागेवरून म्हणाली. "हा कुठला येतो! काल आला हा. काल राबात पाय घातला नी भाजून घेतला. आदी आला असता, तर तवाच नसता भाजला?"

सगळी सभा हसली. तशा हसण्यात राग नसतो, म्हणून ते अधिक लागते. केदार माझ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत विनंती होती आणि तिच्या मागे धमकीही. मार्थाबाई कोणाचेच शब्द न कळता सर्वांचे चेहरे वाचत होत्या. त्यांनी मला विचारले, "त्या काय म्हणाल्या?"

मी उठलो. माझा आवाज जन्मतःच बारीक आहे. वर्गातही शेवटच्या बाकावर पोचत नसे. जे बोलायचे ते मी बोललो आणि खाली बसणार, एवढ्यात आंब्याखालून कोणीतरी ओरडले, "ऐकू नाय आलं!"

"मोठ्यानं बोल," सोमीबाय म्हणाली. "लिहिताना तर मोठ्यानं लिहिलंस."

मी ओट्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेन असा उभा राहिलो. एकेक वाक्य आधी मराठीत आणि मग मार्थाबाईंसाठी इंग्रजीत म्हणालो, आणि या वेळी काहीही गाळले नाही:

"मागच्या वर्षी मी येथे आलो नव्हतो. घरी बसून लिहिले आणि पाहिले असे लिहिले. ज्याला मी जळालेली जमीन म्हटले तो तुमचा राब आहे, आणि जो माळ मी ओसाड म्हटला ते तुमचे शेत आहे. काल या मावशींनी सगळे सांगितले, तेही मी बाईंपर्यंत पोचू दिले नाही. तो अहवाल खोटा आहे. काल जे पाहिले ते मी येथेच लिहून, सही करून तुमच्या हाती देतो. ते कचेरीत लावा. मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा."